होडी येईपर्यंत

सिद्धेश्वर धरणाचं पाणी पुन्हा चढायला लागलं आहे. सकाळी अंगणवाडी उघडायला निघाले तेव्हा गावाखालच्या गाडीवाटेचं पहिलं वळण दिसत होतं. दुपारी लेकरांना खिचडी वाढून परतले तर वळण गेलेलं. त्या जागी काड्याकुड्या, फेस आणि कुणाची तरी एक चप्पल घेऊन आलेलं गढूळ पाणी निवांत पसरलं होतं. शेजारी शहरातून एक पाहुणी आली आहे. ती फोटो काढता काढता म्हणाली, "किती छान हो तुमच्याकडे! घरबसल्या समुद्र!" मी हसले. घरबसल्या म्हणजे काय असतं ते तिला सांगायला बसले असते तर तिची गाडी चुकली असती.

आमच्या गावाला तीन बाजूंनी धरणाचं पाणी आहे. चौथ्या बाजूने रस्ता निघतो, पण तो आधी औंढ्याकडे जातो आणि तिथून दोन गाड्या बदलायला लावून, अर्धा दिवस खाऊन, आमच्या समोरच्याच काठावरच्या गावात नेऊन सोडतो. तेच माझं माहेर. धरण व्हायच्या आधीची एक गाडीवाट या दोन गावांमध्ये आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती वर येते. तेव्हा चुलीवर आधण ठेवून निघालेली बाई पलीकडून साखर मागून आणू शकते. पाऊस लागला की ती बुडते, ती हळद शिजायच्या दिवसांपर्यंत बुडालेलीच राहते. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील खूश होते. "लेक नजरंसमोर ऱ्हाईल," म्हणाले. ते अगदी खरं झालं. मायच्या घराचं निळं दार मला आमच्या काठावरून दिसतं. वडील गेल्यापासून त्या दाराआड माय एकटी असते, एक शेळी सोडली तर. मी तिची एकुलती एक.

पाणी भरल्यावर ये-जा करायला किसनमामाची लाकडी होडी होती. किसनमामा आमच्या गावचे भोई, मासे धरणारे आणि माणसं उतरवणारे. होडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. दर उन्हाळ्यात तिला डांबर लागायचं आणि दर पावसाळ्यात ती गळायची. बसणाऱ्याने बसल्या बसल्या डालड्याच्या डब्याने पाणी उपसायचं, हा नियम होता. मी आठवड्यातून दोनदा तरी जायची. एका हाताने पाणी उपसत, दुसऱ्या हाताने मायच्या भाकरीचं फडकं सांभाळत. तकलीफ होती, पण वाट होती.

मग गावाने नवी, फायबरची होडी घ्यायचं ठरवलं. वर्गणी झाली, पंचायतीने भर घातली, लांबच्या एका शहरातला होड्या करणारा कारखानदार शोधला गेला आणि इसार पोचला. त्याने फोनवर सांगितलं, "आठ दिवसात नाव तुमच्या दारात." पावसाळा तोंडावर होता. सगळ्यांना बरं वाटलं.

आता आमच्या गावाने काय केलं ते सांगते. भोयांमध्ये रीत आहे की जुनी नाव पाण्यात असताना नवी उतरवायची नाही. दोघी सवतींसारख्या भांडतात म्हणे, आणि त्यांच्या भांडणात माणूस बुडतो. म्हणून जुनीला आधी मोकळी करायची. तिला काठावर ओढायचं, हळदकुंकू लावायचं, खण-नारळ द्यायचा, आणि मग खोलून घरटी एक फळी वाटायची. ज्या घरात ती फळी, त्या घरातलं कुणी पाण्यात जात नाही. रीत चांगली आहे. फक्त ती नवी होडी आल्या दिवशी करायची असते. किसनमामांना तेवढा दम कुठला! "आठच दिवसाची तर गोष्ट हाय," ते म्हणाले. "नाव आल्यावर घाई व्हईल. आत्ताच उरकून घेऊ, बराबर निवांत व्हईल." आणि सबंध गावाने मान डोलावली. पहारींनी खिळे निघाले, फळ्या सुटल्या, हलगी वाजली. विहारात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारी मी, मीही रांगेत उभी राहून फळी घेतली. नवऱ्याने ती स्वयंपाकघरात ठोकली आणि मी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. नवी आलीच नाही तर, असं त्या दिवशी एकालाही सुचलं नाही. आठ दिवसांनी गाडीवाट बुडाली आणि गावाची होडी गावातच, घरोघरी, भिंतींना टांगलेली राहिली.

आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर येते. संध्याकाळी तिथे मंडळी जमायची. किसनमामा फोन लावायचे आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करायचे.

"साहेब, आमच्या नावंचं काय?"

"झालीच म्हणून समजा मामा. पावसानं फायबर सुकत नाही हो. हवा दमट आहे."

"मंग कधी?"

"आठ दिवस धरा."

आठ दिवसांनी कळायचं की कुठेतरी पूर आलाय आणि सरकारी होड्या आधी द्याव्या लागल्या. पुढच्या आठ दिवसांत साचा तडकायचा. मग कारागीर सणाला गावी जायचे. आले की रंग यायचा राहायचा. कारखानदाराचा आवाज मोठा गोड होता. कधी चिडायचा नाही, कधी नाही म्हणायचा नाही. नाही म्हणाला असता तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. किसनमामा फोन ठेवून मंडळींकडे बघायचे आणि म्हणायचे, "माणूस चांगला हाय पण." मला तिथल्या तिथे ओट्यावरून उडी मारावीशी वाटायची. मी एकदा फोन हिसकावून त्याला नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे." अशा माणसाशी भांडायचं कसं?

तरुण पोरं मासे धरायच्या थर्माकोलवर बसून पलीकडे जायची. मीही एकदा पदर खोचून निघाले होते. किसनमामांनी हात आडवा घातला. "ताई, त्याच्यावर बसायला मासा बी भितो," म्हणाले. नवऱ्याने तर शपथ घातली. मी काठावरूनच परत आले.

श्रावणात मायचा फोन आला. मायला ऐकू येत नाही, दोन्ही कानांनी. त्यामुळे तिचा फोन म्हणजे आकाशवाणीसारखा असतो. ती बोलते, आपण ऐकायचं. शेजारची वच्छलाबाई नंबर लावून देते आणि माय सुरू होते.

"मी बोलून राहिले. पडले मी. शेळीनं वढलं. डावा हात मोडला. डाक्टरनं पलस्तर घातलं. भाकर वच्छला देऊन राहिली. तू येऊ नको, पाणी हाय. ठेवते."

आणि ठेवला. मी ओट्यावर उभी राहून "माय, माय" करत होते. मंडळी खाली बघत होती.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी टाकून मी रस्त्याने निघाले. गाड्या बदलत, फाट्यावर ताटकळत पोचले तोवर ऊन कलायला आलं होतं. माय दारात बसून एका हाताने शेंगा फोडत होती, दुसरी बाजू गुडघ्याने दाबून. मला बघून म्हणाली, "काहून आली? लेकरांना कोण बघून राहिलं?" हीच तिची माया. मी तिची वेणी घातली, तिला न्हाऊ घातलं, पाठ चोळताना तिचे मणके हाताला लागले. ती एवढी बारीक कधी झाली ते मला कळलंच नव्हतं, कारण लांबून दार दिसतं, मणके दिसत नाहीत.

"माय, चल माझ्याकडं," मी तिच्या कानाशी ओरडले. वच्छलाबाई बाहेर आली, इतकी मोठ्याने.

"मोटारीत? न्हाई बाई. मागं औंढ्यापतूर गेले तर आतडी बाहेर यायची राहिली. मी मोटारीत बसत न्हाई."

"मग एकटी कशी राहशील?"

"तुमची नाव येऊन राहिली न? येऊ दे. नावंत बसून येते मी. ऱ्हाते तुझ्याकडं, हात सुधरंपतूर."

मायने स्वतःहून येते म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हती. लेकीच्या घरी पाणी पिऊन निघायचं, मुक्काम करायचा नाही, असं मानणारी ती. तिने शब्द दिला होता आणि तो त्या होडीवर टांगलेला होता. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून हिशेब करत होते, की या आठवड्यात होडी आली तर पलस्तर असतानाच आणता येईल. कारखानदाराच्या शब्दावर माझाही जीव असा अडकला.

रस्त्याने जायची सुट्टी पुन्हा मिळाली नाही, त्यानंतरचे महिने मला आठवतात ते काठावर उभं राहिल्याचे. लेकरं शाळेतून येण्याआधी, सांजेचा स्वयंपाक लागण्याआधी मी खाली जायची. पलीकडे निळं दार. कधी दाराशी पांढरा ठिपका, म्हणजे माय. कधी ठिपका नसायचा, मग मी तो दिसेपर्यंत थांबायची. ती आत भाकर खात असेल, झोपली असेल, हे कळायचं. पाय मात्र निघायचे नाहीत. घरी आल्यावर भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. भांडी आपटली जायची. नवरा गरीब माणूस, हळदीला पाणी देऊन दमून आलेला. तो म्हणायचा, "फोन कर न तिला."

"तिला ऐकू येतं का?"

"मग वच्छलाबाईला कर."

त्याचं बरोबर असायचं, आणि त्यामुळेच मला जास्त राग यायचा. मला निरोप नको होता, तिच्या मणक्यांवरून हात फिरवायचा होता. पण हे कुणाला सांगायचं? गावात ज्याचं त्याचं काहीतरी पलीकडे अडकलेलं होतं. कुणाची सोयाबीन विकायची, कुणाची लेक कॉलेजला, कुणाची गाय व्यायची.

त्यातच वर्षावास सुरू होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज ग्रंथ वाचला जातो आणि आमच्या विहारात वाचायचं काम माझ्याकडे असतं, कारण माझा आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचतो. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहायचे, पायाखाली जीवजंतू, कोवळं गवत चिरडू नये म्हणून. दरवर्षी वाचलेलं. त्या वर्षी वाचता वाचता मी थांबले. ते थांबले होते कारण त्यांना चालता येत होतं. मला जे झालं होतं त्याला थांबणं म्हणत नाहीत. बायका वाट बघत होत्या, मी ओळ सापडल्यासारखं करून पुढे वाचलं. पलीकडच्या विहारातही तेव्हाच वाचन चालू असायचं. माय तिथे सगळ्यात पुढे बसते, कानामागे हात धरून. तिला एक अक्षर ऐकू येत नाही. सगळे "साधू, साधू" म्हणून झाले की एकटी मागून म्हणते.

दिवाळी गेली. मायचं पलस्तर माझ्यावाचून निघालं. धुक्याच्या सकाळी बदकं यायला लागली. इकडच्या काठावर दाणे टिपायची, कंटाळा आला की उडून तिकडच्या काठावर. मी त्यांना खडे मारले आहेत. अंगणवाडीची बाई, मोठी बाई, बदकांना खडे मारते, हे एका लेकराने घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

मग शेवटी पाण्यालाच दया आली. शिमग्याच्या आधी काठ खाली सरकायला लागला. ओल्या गाळात लोकांनी काकड्या आणि टरबुजं लावली. गावभर हळद शिजायला लागली. तो वास कपड्यांत, केसांत, दुधात उतरतो. आणि एका सकाळी मी अंगण झाडत होते तर खालून आवाज आला. मायचा आवाज. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात, तशी ती शेळीवर ओरडत येत होती. पाय घोट्यापर्यंत चिखलाचे, डोक्यावर गाठोडं, हातात दोरी, पुढे शेळी. वाट अजून नीट वाळलीही नव्हती.

"तुमची नाव काही येत न्हाई," ती म्हणाली, "म्हून मीच आले."

मी झाडू टाकून तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "हात सांभाळ, हात."

तो उन्हाळा. तेवढे सुखाचे दिवस मी सासरी बघितले नव्हते. माय ओसरीवर बसून लेकरांना काकड्या कापून द्यायची. रात्रीची भाकर उरली तर तिखट-तेल लावून तीच खायची. वैशाख पौर्णिमेला विहारातल्या खिरीचं पातेलं तिने ढवळलं आणि दुखऱ्या हाताने ढवळलं म्हणून मी तिला रागावले. तिचं अंग जरा भरलं. न्हाऊ घालताना माझ्या हाताला ते कळायचं आणि मला वाटायचं, जिंकले.

माय मात्र घुसमटत होती. ते मला दिसत होतं. मी तिला पाण्याची घागर उचलू देत नव्हते, चुलीपाशी बसू देत नव्हते. "बस न माय, आराम कर." दिवसभर बस-बस ऐकून, म्हणजे बघून, ती दाराकडे तोंड करून बसायची. जाते म्हणाली की मी कानाशी जाऊन ओरडायची, "ऊन लई हाय. आठ दिवसांनी जा." ऊन उतरलं तर शेळी व्यायला झालेली. शेळी व्याली तर करडं लहान. एकदा तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "तू बी त्या कारखानेवाल्यावानी बोलून राहिली." ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसले, पण ते हसू नुसतं तोंडावरचं होतं.

आणि पाऊस आला. गाडीवाटेचं पहिलं वळण गेलं, मग दुसरं. होडी अजून नव्हतीच. आदल्या वर्षी ज्या पाण्याला मी शिव्या दिल्या, ते चढताना बघून त्या वर्षी मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. आता माय कुठे जाते? मोटारीत ती बसत नाही. पुढच्या शिमग्यापर्यंत ती माझी.

दोन दिवसांनी ती घरात दिसेना. मी खाली पळाले. माय काठावर उभी होती, मी जिथे उभी राहायची बरोबर तिथेच, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"माझं दार दिसून राहिलं," ती म्हणाली. "त्येच्यावरचं पत्र्याचं पान उडालं वाटतं पावसानं." मग माझ्याकडे वळली. "तू अशीच उभी ऱ्हायची का गं? वच्छला सांगायची, तुझी लेक उभी हाय म्हून. मला माणूस दिसत न्हाई एवढ्या लांबचं. पर मी दारात येऊन बसायची."

बोलून तिला ऐकू आलं नसतं, आणि ओरडून सांगावं असं ते नव्हतं.

होडी त्याच आठवड्यात आली. सांगितल्यानंतर वर्षभराने, कुणी फोन केलेला नसताना, एका मालट्रकवर पालथी घातलेली. केशरी रंगाची. सगळं गाव धावलं. हलगीवाल्याला शेतातून उचलून आणलं. किसनमामा तिच्या अंगावरून हात फिरवत, रडत, पुन्हा तेच म्हणत होते, "माणूस चांगला हाय, म्हनलं नव्हतं मी?" नारळ फुटला, होडी पाण्यात उतरली, आणि पहिली फेरी कुणाची यावर वाद सुरू होणार तोच गर्दीतून वाट काढत माय आली. डोक्यावर गाठोडं. एका काखेत करडू, दुसरं पोराबाळांच्या हातात, शेळी मागे ओरडत. तिने कुणाला विचारलं नाही. साडी वर धरून ती पाण्यात उतरली आणि होडीत चढून मधल्या पाटावर जाऊन बसली. तिला असं सरळ, ताठ बसलेलं मी वर्षभरात बघितलं नव्हतं. माझ्या घरात ती कधी अशी बसली नव्हती.

"माय, दोन दिवस," मी ओरडले. "पान बसवून येतील हे, मग जा." माझा आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचतो, पण हलगी वाजत होती आणि तिचं तोंड पलीकडे होतं. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

शेळी चढवली. करडं चढवली. किसनमामा वल्हं घेऊन मागे बसले. पण होडीचं बूड काठच्या गाळात रुतलं होतं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. बाकीचे नाचण्यात दंग होते, सगळ्यांत जवळ मीच होते.

"ताई," ते म्हणाले, "जरा लोटून देता का?"

मायने तेवढ्यात मागे वळून बघितलं. माझ्याकडे बघून ती हसली, तोंडभर. मी पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरले. दोन्ही हात त्या केशरी काठाला लावले. जुनी होडी चार माणसांशिवाय हलायची नाही, म्हणून मी अंगातला सगळा जोर लावला. तेवढ्याची गरज नव्हती. ती फार हलकी होती, हात लावताच गेली.